कडी असलेली खोली

एजंट म्हणाला, "ओपन प्लॅन",
आणि हात असे पसरले
जणू मागे समुद्र आहे.
मागे सिंक होतं.
सिंकसमोर सोफा, सोफ्याला टेकून टेबल,
टेबलापलीकडे पुस्तकांचं कपाट आडवं घालून
आम्ही पलंग लपवला.
मँचेस्टरात, कालव्याकाठी,
जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
एक्केचाळीस चौरस मीटर,
आणि त्यात 'आत' अशी जागाच नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात.
इथे भिंती नाहीत,
कान तेवढे आहेत. सहा.

मैथिली रात्रपाळी करून साडेआठला येते,
डोळ्यांवर काळी पट्टी बांधून कपाटामागे निजते.
त्याच वेळी मी लॅपटॉप उघडतो
आणि बर्मिंगहॅमच्या गॅरेथला
कुजबुजत सांगतो की सर्व्हर पडलाय.
तो म्हणतो, तुझा आवाज येत नाहीये.
येऊ नये असंच ठरलंय, गॅरेथ.

अडीच वर्षांत मी शिकलो
शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजायला,
सुरी फळीवर आपटायची नाही, ओढायची.
फक्त मोहरी ऐकत नाही.
तेल गार असताना टाकली, झाकण ठेवलं,
झाकणावर तवा ठेवला,
तडतडायची ती तडतडलीच,
आणि छतावरचा धुराचा भोंगा
बोंब मारत सुटला.
मैथिली उभी, पट्टी कपाळावर.
ओजस टॉवेलने वारा घालतोय.
कुणीच काही बोललं नाही,
कारण असल्या वेळी आधी दार आपटावं लागतं,
मग बोलता येतं.

हिंग मात्र मोकळा हिंडतो.
माझ्या कोटाच्या खिशात, उशीच्या शिवणीत,
ओजसच्या युनिफॉर्मच्या कॉलरीत.
शाळेत त्याने सांगितलं,
आमच्याकडे एकच खोली आहे
आणि ती जेवते.

खालच्या डोरीनबाईंची आई इथेच मागावर होती.
यंत्रांच्या गदारोळात काही ऐकू यायचं नाही,
म्हणून बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या.
आम्हीही वाचतो, उलट कारणाने.
दूध संपलं. भाडं वाढलं.
पण 'मला जमत नाहीये' आणि 'मला समजत नाहीये'
लांबून अगदी सारखं दिसतं.

फेब्रुवारीत दापोलीहून ताईचा फोन आला,
बाबांच्या रिपोर्टचा.
मी बाथरूममध्ये गेलो.
अख्ख्या घरात कडी तेवढी तिथे.
टबाच्या काठावर बसलो,
पंखा घरघरत होता, त्याच्या आडोशाने रडलो.
नाक पुसायला काही मिळेल म्हणून
बेसिनखालचं कपाट उघडलं.
ब्लीचच्या बाटलीमागे
कागदी रुमालांचा अर्धा डबा,
आलेपाकाची पुडी,
आणि ड्यूटीच्या तक्त्याच्या पाठीवर
मैथिलीच्या अक्षरात
एका मुलीचं नाव. लिहून खोडलेलं.
आम्हाला मुलगी नाही.

सगळं होतं तसं ठेवलं.
विचारलं नाही.
विचारायचं तर कुठे उभं राहून?

शनिवारी बाजारातून एक बुटकं स्टूल आणलं,
टबाशेजारी ठेवलं.
ओजस म्हणाला, कुणासाठी?
म्हटलं, टॉवेल ठेवायला.
सोमवारी त्यावर उशी होती, निळी.
पुढच्या आठवड्यात आलेपाकाची पुडी
नवी, न फोडलेली,
ब्लीचच्या मागे नाही, पुढे.

आता न बोलता असं ठरलंय:
एकाने कडी लावली
की बाहेरच्याने नळ मोठा सोडायचा
आणि भांडी घासायला घ्यायची.
घासून झालेलीसुद्धा.